डझनभर तांदळांची ओढ

संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकात जो एकदा अडकला आहे, त्याला वाहने एकमेकांना किती खेटून उभी राहू शकतात हे वेगळे सांगायला नको. अशा कोंडीत दोन ट्रेलर शेजारी शेजारी थांबले आहेत असे समजा. दोन्हींवर पोलादी पत्र्याची एकेक कॉइल आहे, वीस-वीस टनांची. दोन्ही कॉइलच्या मध्यांमध्ये तीनेक मीटरचे अंतर. एक ड्रायव्हर तंबाखू मळतो आहे, दुसरा फोनवर मालकाची समजूत घालतो आहे. दोघांचे एकमेकांकडे लक्ष नाही. त्यांच्या पाठीमागच्या त्या दोन कॉइल मात्र एकमेकींना ओढत आहेत. चौक मोकळा असो वा तुंबलेला, दिवस असो वा रात्र, ही ओढ क्षणभरही थांबत नाही.

तिचा जोर किती? हिशेब केला तर तीन दशांश ग्रॅमच्या वजनाइतका. तळहातावर तांदळाचे डझनभर दाणे ठेवून पाहा. ते जेवढे जड लागतील तेवढा. वीस टनांची कॉइल जागेवरून तसूभर हलवायला काही टनांचा जोर लागतो, तिथे बारा तांदळांनी काय होणार? म्हणून कॉइल एकमेकींकडे सरकत नाहीत आणि आपल्याला काही कळतही नाही. माणसांचे तर विचारूच नका. साठ-साठ किलोची दोन माणसे एक मीटरवर उभी असतील तर त्यांच्यातली ओढ एका डासाच्या वजनाच्या शंभराव्या हिश्शाइतकी भरते. शायर लोकांनी या विषयावर फारच वाढवून लिहिले आहे, असे म्हणायला हरकत नाही. मीही त्यांतलाच एक.

या शक्तीला मराठीत आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. गुरु म्हणजे जड, आणि आकर्षण म्हणजे ओढून घेणे. उर्दूत शाळेच्या पुस्तकात तिचे नाव आहे कशिश-ए-सिक्ल. सिक्ल म्हणजे जडपणा आणि कशिश म्हणजे ओढ. एक शब्द संस्कृतातून आला, दुसरा अरबी-फारसीतून, पण दोघांनीही तीच दोन अक्षरे जोडली आहेत: जडपणा आणि ओढ. मला हे फार आवडते. पण शब्द सुंदर असला की फसवतोही. ओढ म्हटले की आपल्याला माया आठवते, माहेर आठवते. ही ओढ तशी नाही. ती निवड करत नाही. कांदा, पोलाद, पाणी, माणूस, शेण, सोने सगळ्यांना तिचा नियम एकच. विजेत आणि चुंबकात जशी ओढ असते तसा दुरावाही असतो, एक टोक जवळ घेते तर दुसरे ढकलते. दगड-धोंड्यांच्या, ग्रह-ताऱ्यांच्या या ओढीत ढकलणे सापडलेले नाही. आणि मध्ये भिंत घाला, शिसे घाला, पोलादाची चादर घाला, ती अडत नाही.

नियम मांडला तो आयझॅक न्यूटनने, १६८७ साली. तो सांगायला सोपा आहे. दोन वस्तूंच्या वस्तुमानांचा गुणाकार करा, त्यांच्यातल्या अंतराच्या वर्गाने भागा आणि एका ठरलेल्या आकड्याने गुणा. वस्तुमान दुप्पट तर ओढ दुप्पट. अंतर दुप्पट तर ओढ निम्मी नव्हे, चौथाई. तिप्पट तर नववा हिस्सा. अंतराचा वर्ग का, तर दिव्याच्या उजेडाचे जे होते तेच इथे होते. दिवा एक हातावर असताना जो उजेड एका पानावर पडतो, तो दोन हातांवर चार पानांवर पसरतो. प्रत्येक पानाच्या वाट्याला चौथाई. आणि तो ठरलेला आकडा फारच लहान आहे: दशांश चिन्हानंतर दहा शून्ये आणि मग ६६७. आपल्या चौकातल्या कॉइलची ओढ बारा तांदळांवर येऊन थांबते ती या दहा शून्यांमुळे.

मग पृथ्वीची ओढ एवढी का जाणवते? कारण ती एकट्या कुणाची नाही. आपल्या पायाखालचा प्रत्येक खडा, पवना धरणातले पाणी, सह्याद्री, समुद्राचा तळ, पलीकडच्या अमेरिकेतली माती, पृथ्वीच्या पोटातला रस, सगळे एकाच वेळी आपल्याला ओढते. प्रत्येकाचा वाटा नगण्य, पण वाटेकरी अगणित. आजूबाजूच्या ओढी एकमेकींना छेदून जातात आणि शिल्लक उरते ती बरोबर खाली, मध्याच्या दिशेने. न्यूटनने गणिताने दाखवून दिले, की गोल वस्तू बाहेरच्यांना अशी ओढते, जणू तिचे सगळे वस्तुमान तिच्या मध्यबिंदूत गोळा झाले आहे. म्हणजे आपण पृथ्वीपासून शून्य अंतरावर नसतो. हिशेबापुरते आपण तिच्यापासून सुमारे ६,३७० किलोमीटरवर असतो.

यातली अनेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी, की ही ओढ दोन्हीकडून सारखी असते. चाकणच्या कांदा बाजारात पन्नास किलोची गोणी आहे. पृथ्वी तिला पन्नास किलोच्या जोराने खाली ओढते हे आपल्याला मान्य आहे. पण गोणीही पृथ्वीला बरोबर पन्नास किलोच्याच जोराने वर ओढते. हमालाच्या पाठीवर गोणी चढते तेव्हा तो बिचारा दोघांच्या मध्ये सापडलेला असतो. गोणी सुटली तर ती पृथ्वीकडे येते आणि पृथ्वीही तिच्याकडे निघते, फक्त पृथ्वी इतकी जड की तिचे निघणे कोणत्याही यंत्राने मोजता येणार नाही.

आपल्याकडे हे आधीच माहीत होते का, असा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात कुणीतरी विचारतो. उत्तर नीट द्यायला हवे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे, त्यामुळे जड वस्तू तिच्याकडे येतात आणि आपल्याला त्या पडल्यासारख्या दिसतात, हा विचार त्यात स्पष्ट आहे. त्यांच्याही आधी सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने जवळपास हेच म्हटले होते: वाहणे हा जसा पाण्याचा स्वभाव, तसा ओढून धरणे हा पृथ्वीचा. ते आपल्या हाती राहिले याचे थोडे श्रेय अल-बिरूनीचेही आहे. त्याने १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर अरबीत जो ग्रंथ लिहिला, त्यात ब्रह्मगुप्ताचा हा विचार नोंदवून ठेवला. पण पृथ्वी कांद्याला ओढते हे म्हणणे वेगळे, आणि कांदाही पृथ्वीला ओढतो, दोन कांदे एकमेकांना ओढतात, आणि चंद्राला बांधून ठेवणारा दोर हाच आहे, हे आकड्यांनिशी म्हणणे वेगळे. पहिल्यासाठी भास्कराचार्यांना मुजरा. दुसरे न्यूटनचे.

चंद्राचा हिशेब तर इतका देखणा आहे की तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हातातून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतो. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून दगडापेक्षा साठपट दूर आहे. साठाचा वर्ग ३,६००. तेव्हा नियम खरा असेल तर चंद्र एका सेकंदात ४.९ मीटरच्या ३,६०० व्या हिश्शाने, म्हणजे जेमतेम १.३६ मिलिमीटर, पृथ्वीकडे पडला पाहिजे. चंद्र किती अंतरावर आहे आणि सुमारे सत्तावीस दिवसांत फेरी पुरी करतो हे माहीत असले की त्याची वाट सरळ रेषेपासून दर सेकंदाला किती वळते ते काढता येते. ती तेवढीच वळते. चंद्र टांगलेला नाही. तो सतत पडतो आहे, आणि आडव्या वेगामुळे सतत पृथ्वीला चुकवतो आहे.

पण हे सगळे आकाशातले झाले. जमिनीवरच्या दोन साध्या वस्तू एकमेकींना ओढतात हे डोळ्यांनी कोणी पाहिले? त्यासाठी न्यूटननंतर शंभरावर वर्षे थांबावे लागले. १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिश नावाच्या इंग्रज गृहस्थाने हे केले. प्रचंड श्रीमंत आणि त्याहून प्रचंड लाजाळू. घरातल्या नोकरांनाही चिठ्ठी लिहून काम सांगायचा. प्रयोगाची मूळ कल्पना जॉन मिचेल या पाद्र्याची. ते उपकरण तयार करून वारले, मग कॅव्हेंडिशने ते नव्याने बांधले.

सुमारे सहा फुटांचा लाकडी दांडा मध्यभागी बारीक तारेने आडवा टांगलेला. त्याच्या दोन टोकांना पाऊण किलोच्या आत-बाहेरचे शिशाचे दोन लहान गोळे. त्यांच्याजवळ आणायला शिशाचेच दोन मोठे गोळे, प्रत्येकी १५८ किलोचे. मोठे गोळे लहानांच्या शेजारी आणले की लहान गोळे त्यांच्याकडे ओढले जातील, दांडा किंचित वळेल, तारेला पीळ बसेल. तारेला किती जोराने किती पीळ बसतो हे दांड्याच्या हेलकाव्यांवरून आधीच काढता येते. म्हणजे पीळ मोजला की ओढ मिळाली. पृथ्वी दोन्ही बाजूंना सारखी खाली ओढते, त्यामुळे तिची अवाढव्य ओढ या आडव्या वळण्यात लुडबूड करत नाही. अक्कल आहे ती इथे.

भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मायक्रॉनवर काम करणाऱ्या मिस्त्रीला कॅव्हेंडिशच्या अडचणी लगेच कळतील. दोन गोळ्यांमधली ओढ बारीक वाळूच्या एका कणाच्या वजनाइतकी. खोलीत माणूस शिरला तरी त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलते आणि हवेची ती झुळूक या ओढीपेक्षा कितीतरी जबर. म्हणून त्याने सगळे उपकरण लाकडी पेटीत घातले, पेटी बंद खोलीत ठेवली, मोठे गोळे बाहेरून कप्पीने हलवले आणि भिंतीत बसवलेल्या दुर्बिणीतून दांड्याची टोके पाहिली. टोक सरकले ते फार तर चार-पाच मिलिमीटर. पण सरकले. शिशाने शिशाला ओढताना माणसाने पाहिले.

त्यातून निघाले काय, तर पृथ्वीचे वजन. शिशाचा गोळा शिशाला किती ओढतो आणि पृथ्वी त्याच गोळ्याला किती ओढते, या दोन्हींची तुलना केली की पृथ्वीत माल किती आहे ते कळते. पृथ्वी सरासरीने पाण्याच्या ५.४८ पट घट्ट आहे असे त्याचे उत्तर आले. आजचा आकडा ५.५१ आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी, बंद खोलीबाहेर उभे राहून! आता आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण पाहा. तो पाण्याच्या जेमतेम तिप्पट भरतो. वरचा दगड तिप्पट आणि सगळ्याची सरासरी साडेपाच पट, म्हणजे आत कुठेतरी दगडाहून पुष्कळ जड काहीतरी असलेच पाहिजे. ते आहे लोखंड, थोड्या निकेलसह. पिंपरीपासून चाकणपर्यंत ज्या धातूवर लाखो घरांच्या चुली पेटतात, तोच पृथ्वीच्या गाभ्यात भरला आहे.

वजनाचे निघाले आहे तर काट्याबद्दल थोडे बोलू. आपण वजन आणि वस्तुमान हे शब्द अदलाबदलीने वापरतो. बाजारात चालते, पण यात गंमत आहे. जुन्या तराजूत एका पारड्यात कांदा आणि दुसऱ्यात लोखंडी माप असते. पृथ्वीची ओढ कमी झाली तर दोन्ही पारड्यांवर सारखीच कमी होते. त्यामुळे तराजू पुण्यात, लंडनमध्ये किंवा चंद्रावरही तेच उत्तर देईल. तो मालाची मालाशी तुलना करतो. आजचे इलेक्ट्रॉनिक काटे, रस्त्याकडेचे ट्रक तोलणारे वजनकाटे तसे नाहीत. त्यांच्या पोटातला धातूचा तुकडा मालाच्या भाराने किंचित दबतो आणि त्या दबण्याचा आकडा होतो. ते माल मोजत नाहीत, पृथ्वीची ओढ मोजतात.

आणि पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्ताशी थोडी फुगलेली आहे. तिथला माणूस मध्यापासून जास्त दूर, शिवाय फिरण्यामुळे थोडा हलका. ध्रुवाकडे जावे तशी ओढ वाढते. उत्तर जर्मनीत ती आपल्या पुणे परिसरापेक्षा सुमारे पाव टक्क्याहून थोडी जास्त आहे. चाकणला जर्मन यंत्रे येतात हे आपल्याला माहीत आहेच. तिथे ठाकठीक केलेला इलेक्ट्रॉनिक काटा जसाच्या तसा आणून चाकणला मांडला, तर तिथे हजार किलो दाखवलेली मोटार इथे ९९७ किलो दाखवेल. मोटारीतून काही कमी झालेले नाही. तीन किलो पृथ्वीने कमी ओढले. म्हणून असा काटा बसवला की स्थानिक मापे ठेवून तो पुन्हा जुळवावा लागतो. सोन्याच्या पेढीवर पाव टक्का म्हणजे काय, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे.

इतके ऐकून कुणाला वाटेल की ही फार बलवान शक्ती असावी. उलट आहे. कारखान्यात जमिनीवर सांडलेले वॉशर उचलायला पोरे हातात छोटे चुंबक घेऊन फिरतात. वॉशर टपकन वर येतो. एका बाजूला सबंध पृथ्वी, तिच्या सगळ्या डोंगर-समुद्रांसह, आणि दुसऱ्या बाजूला अंगठ्याएवढे चुंबक. आणि चुंबक जिंकते. निसर्गाच्या मूलभूत शक्तींमध्ये गुरुत्वाकर्षण सर्वांत दुबळे आहे. तरीही विश्वावर राज्य तिचेच, कारण विजेचे धन आणि ऋण एकमेकांना फेडून टाकतात, हिची मात्र नुसती बेरीज होत राहते.

ही ओढ पोचते कशी, हे न्यूटनने सांगितले नाही. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये दोर नाही, दांडा नाही, मग पृथ्वीला सूर्याची खबर लागते कुठून? कारणाबद्दल अंदाज बांधणार नाही, असे त्याने साफ लिहिले. उत्तर द्यायला १९१५ साल उजाडले आणि ते आइन्स्टाइनने दिले. वस्तुमानामुळे आजूबाजूचे अवकाश आणि काळ दोन्ही वाकतात, आणि वस्तू त्या वाकलेल्या अवकाशकाळात आपल्या परीने सरळच जात असतात. याला ताणलेल्या चादरीवर ठेवलेल्या जड चेंडूची उपमा नेहमी देतात. मला ती पटत नाही. चादर खाली दबते ती गुरुत्वाकर्षणामुळेच. मग समजावले काय? त्यापेक्षा पृथ्वीगोल घ्या. विषुववृत्तावर दोन ट्रक शेजारी उभे करा आणि दोघांनाही नाकासमोर उत्तरेकडे सोडा. कुणीही स्टिअरिंग वळवायचे नाही. तरीही ते हळूहळू जवळ येतील आणि ध्रुवावर आदळतील. त्यांना कुणी ओढले नाही. जमीनच गोल होती.

काळही वाकतो म्हणजे काय, तर जमिनीजवळचे घड्याळ उंचावरच्या घड्याळापेक्षा सावकाश चालते. वाकड-रावेतकडे उभ्या राहिलेल्या टॉवरांत दहाव्या मजल्यावर राहणारा माणूस तळमजल्यावरच्या वॉचमनपेक्षा वर्षाला एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाचा दहावा हिस्सा जास्त म्हातारा होतो. यावर हसू नका. वस्तू खाली पडते ती मुख्यतः काळाच्या या असमान चालीमुळेच, असे आइन्स्टाइनचे गणित सांगते. शिवाय हे रोजच्या धंद्यातलेही आहे. ट्रकवर जीपीएसचे यंत्र असते. त्याला ठिकाण सांगणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळे उंचीमुळे पुढे जातात आणि वेगामुळे थोडी मागे पडतात. वजाबाकी होऊन दिवसाला एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्या ३८ पट पुढे. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरच्या आसपास चूक साठेल. चाकणला उभा असलेला माल मालकाला फोनवर भोसरीत दिसेल.

पुण्याचा या विषयाशी जुना घरोबा आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९६४ मध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा स्वतंत्र सिद्धान्त मांडला. एखाद्या कणाला वस्तुमान येते ते विश्वातल्या बाकी सगळ्या कणांशी असलेल्या नात्यामुळे, असा त्याचा रोख होता. शास्त्रज्ञांनी तो सिद्धान्त सर्वमान्य केला नाही, पण एका कवीला याहून मोठी देणगी कोण देईल? त्यांनी १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी केली, आणि २० मे २०२५ रोजी ते गेले. त्याच आयुकात संजीव धुरंधर यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गुरुत्वीय लहरी गोंगाटातून वेगळ्या काढायच्या गणिती रीती घडवल्या, त्याही अशा काळात जेव्हा या लहरी सापडतील याची कुणाला खात्री नव्हती.

या लहरींचे थोडक्यात सांगतो. अवकाश वाकते, तर जड वस्तू वेगाने हलल्या की त्या वाकण्याच्या लाटाही उठल्या पाहिजेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या दोन यंत्रांना अशी लाट सापडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. ती लाट इथे पोचेपर्यंत इतकी क्षीण झालेली की चार किलोमीटरच्या नळीची लांबी प्रोटॉनच्याही हजाराव्या भागाच्या आसपास बदलली. आमच्या पट्ट्याच्या भाषेत सांगायचे तर एका मायक्रॉनचे एक लाख कोटी तुकडे करा आणि त्यातला एक घ्या. असेच यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायचे आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

पण त्याहून जवळचे यंत्र चाकणच्या रस्त्यावरच आहे म्हणा ना. नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठा आणि पूर्वेला आत वळा. खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. तबकड्यांना सबंध पत्रा नाही, तारेची जाळी आहे, म्हणजे वजन कमी आणि वारा आरपार. जड वस्तू उंच धरून ठेवायची तर पृथ्वीशीच झगडा, हे तिथल्या अभियंत्यांनी ओळखले.

ही दुर्बीण पल्सार ऐकते. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गाभा. सूर्याहून जास्त माल वीसेक किलोमीटरच्या गोळ्यात ठासलेला. तो फिरतो आणि प्रत्येक फेरीला एक टिक देतो. काही पल्सार सेकंदाला शेकडो वेळा फिरतात आणि टिक चुकवत नाहीत. आता प्रचंड मोठ्या कृष्णविवरांच्या जोड्यांनी उठवलेल्या, एकेक हेलकाव्याला वर्षानुवर्षे घेणाऱ्या लाटा आपल्यावरून जात असतील, तर या टिकांच्या वेळा सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाहूनही कमी फरकाने मागेपुढे होतील. २९ जून २०२३ रोजी जगातल्या अनेक गटांनी अशा लाटांचा सबळ पुरावा जाहीर केला. युरोपीय गटाबरोबर भारतीय-जपानी गट होता, आणि त्याची निरीक्षणे खोडदची. वाटेतल्या वायूमुळे टिकेला जो उशीर होतो तो कमी कंपनसंख्येवर ठळक दिसतो, आणि ते ऐकण्यात खोडदच्या तबकड्या पटाईत.

ऐकायला शांतता लागते. पुणे-नाशिक मध्यम द्रुतगती रेल्वेचा प्रस्तावित मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा जात होता. धावत्या विजेच्या गाडीवरच्या ठिणग्या आणि सिग्नलची यंत्रणा रेडिओ गोंगाट करतात, म्हणून वेधशाळेने हरकत घेतली. रेल्वे मंत्रालयाने तो मार्ग बाजूला ठेवून अहिल्यानगर-शिर्डीकडून जाणारा मार्ग पुढे आणला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर भागांत त्यावर संताप आहे आणि तो मी समजू शकतो. मंचरच्या मुलाला चाकणच्या पहिल्या पाळीला यायचे तर तो पहाटे किती वाजता उठतो हे दुर्बिणीत दिसत नाही. तळेगाव चौकातली ती कोंडी कशी सुटणार, हा प्रश्न कृष्णविवरांपेक्षा त्याच्या जास्त जवळचा आहे. पण दुर्बीण म्हणजे रिकामटेकड्यांचा खेळ, असे जे हल्ली सभांमधून बोलले जाते तेही मला पटत नाही. एकदा गोंगाट झाला की ती शांतता कोणत्याही निधीतून परत विकत घेता येत नाही. तज्ज्ञांनी लोकांसमोर बसून सांगावे: गाडी किती अंतरावरून गेली तर चालेल, कुठे बोगदा चालेल, कुठे काहीच चालणार नाही. आकडे टेबलावर येऊ द्यात. आमच्या पट्ट्यातली माणसे मायक्रॉनवर भांडणारी आहेत, आकडा त्यांना कळतो.

दरम्यान खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या शेवटी, विज्ञान प्रदर्शन भरते. पंचक्रोशीतल्या शाळांची मुले आपापली उपकरणे घेऊन येतात. चाकणहून सकाळी लवकर निघालात तर कोंडी लागायच्या आत पोचाल. आवारात शिरताना मोबाईल मात्र बंद ठेवा.